कथेत शिरायला चारित्र्याचा दाखला कशाला?

मुस्लिम लेखकांच्या मराठी कथावाचनाला बसलं की प्रश्नोत्तरांत एक आक्षेप हमखास येतो. कथेतला बाप दारू पीत असतो, किंवा भावानं बहिणीच्या वाट्याचं शेत गिळलेलं असतं, किंवा दंगलीच्या रात्री मोहल्ल्यातला एखादा पोरगा फुटलेल्या दुकानातून टीव्ही उचलून आणतो. मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं. "जग आधीच आपल्याला बदनाम करतंय, तुम्हीही तेच करणार का?" टाळ्या पडतात. विचारणारा माणूस दुष्ट नसतो. बहुधा तो शिक्षक असतो किंवा निवृत्त कारकून, आणि त्याच्या घरात या बदनामीची झळ कुणाला ना कुणाला बसलेली असते. लेखक मात्र त्या टाळ्यांनंतर पुढची कथा जरा धुऊन-पुसून लिहितो.

दुसऱ्या बाजूची मागणी वेगळ्या शब्दांत येते. दिवाळी अंकाचे संपादक फोन करतात, "सलोख्याचं काहीतरी द्या." म्हणजे काय द्यायचं हे न सांगता कळतं. गावात दंगा होतो, एक म्हातारा मुसलमान हिंदू शेजाऱ्याच्या पोराला वाचवतो आणि शेवटच्या परिच्छेदात मरतो. हा म्हातारा आपल्या ओळखीचा आहे. 1975 च्या 'शोले'मधला आंधळा इमाम म्हणजे तोच. एकुलता एक मुलगा डाकूंनी मारलेला, तरी तो गावाला धीर देतो. गावासाठी कुर्बान करायला आणखी मुलगे असायला हवे होते, असं त्याला वाटतं. हंगल यांनी ती भूमिका इतकी मनापासून केली की त्या प्रसंगाला आजही डोळे भरून येतात. पण पन्नास वर्षं आमच्या प्रत्येक कथेनं त्याच म्हाताऱ्याची काठी धरून चालावं, ही अपेक्षा कुठून आली?

वरवर पाहता या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. एकीत आपलेच लोक आपल्याला सांगतात, आपली माणसं वाईट दाखवू नका. दुसरीत बाकीचे सांगतात, तुमची माणसं चांगली दाखवा. दोन्हींच्या तळाशी अट मात्र एकच आहे. दंगलीत, फाळणीत, सत्तांतरात भरडल्या गेलेल्या माणसानं आधी आपलं चारित्र्य सिद्ध करायचं, मगच त्याच्या वाट्याला आलेलं दुःख आम्ही दुःख म्हणून मोजू. माझं भांडण या अटीशी आहे. ती साहित्याची वाट लावते हे तर आहेच, पण नागरिक म्हणूनही ती आपल्या मुळावर येते. या अंकाच्या वाचकांशी मला बोलायचं आहे ते त्यासाठीच.

राजकीय उलथापालथीत सापडलेल्या सामान्य माणसावर आपल्या उपखंडात ज्या कथा टिकल्या, त्यांनी ही अट कधीच मानली नाही. राजिंदरसिंग बेदींची 'लाजवंती' घ्या. फाळणीत पळवल्या गेलेल्या बायका सरकारं शोधून परत आणत होती. 1949 मध्ये आपल्याकडे त्यासाठी कायदाही झाला. दोन्ही देशांतून मिळून अशा सुमारे तीस हजार बायका परत आणल्या गेल्या. अनेक घरांनी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. बेदींचा नायक सुंदरलाल हा लुधियान्याच्या मुल्ला शकूर मोहल्ल्यातला. त्याचीही बायको, लाजो, पळवली गेली आहे. अशा बायकांना मनात जागा द्या म्हणून तो मोहल्ल्यात समिती काढतो, पहाटे फेऱ्या काढतो, भजनं म्हणतो. आज तो असता तर आपण त्याला आपल्या चळवळीचा तालुकाध्यक्ष केलं असतं. हा सुंदरलाल पूर्वी बायकोला बडवत असे, हे बेदी आपल्याला सांगतात. आणि एक दिवस लाजो खरंच परत येते. ती मुसलमान बायकांसारखा दुपट्टा घेऊन आलेली असते आणि अंगानं चक्क सुधारलेली दिसते. नवऱ्याच्या मनात पाल चुकचुकते. तो विचारतो, कोण होता तो? ती नाव सांगते. मारायचा का? नाही, तो मारत नव्हता. तरी मला त्याचीच भीती वाटायची. तुम्ही मारायचात, पण तुमची भीती वाटत नव्हती.

एवढंच बोलणं होतं. पुढे ती सगळं सांगू पाहते तेव्हा सुंदरलाल तिला थांबवतो. झालं गेलं विसरून जायचं. त्या दिवसापासून तो तिला देवी म्हणतो. हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. आणि लाजो आतून सुकत जाते, कारण तिला पुन्हा लाजो व्हायचं होतं. क्षुल्लक गोष्टीवरून भांडणारी आणि घटकेत हसणारी. तिला घर परत मिळालं, पण तिचं ऐकणारं त्या घरात कुणी उरलं नाही.

'लाजवंती' वाचताना आपण सुंदरलालच्या ढोंगावर बोट ठेवतो आणि मोकळे होतो. मला ती कथा आपल्याबद्दल वाटते. समाज आपल्या जखमी माणसाला देवी करतो तेव्हा त्यामागे आदर थोडा असतो आणि 'गप्प बस' जास्त असतं. देवीला नवऱ्याची तक्रार करता येत नाही. शहिदाला कर्ज बुडवता येत नाही. कथावाचनात मागच्या रांगेतून उठणारे आपले साहेब कळकळीनं हेच मागत असतात. आमच्या मेलेल्यांना देवी करा, म्हणजे त्यांचं पुढचं काही ऐकावं लागणार नाही.

मंटोनं हे कधी केलं नाही, आणि त्याची किंमत मोजली. त्याच्यावर अश्लीलतेचे तीन खटले इंग्रजांच्या राज्यात झाले आणि तीन पाकिस्तानात. फाळणीच्या दंग्यांवर 1948 मध्ये त्याचं 'सियाह हाशिये' आलं. त्यातल्या काही नोंदी तर दोन-चार ओळींच्या आहेत. त्यांवर पुरोगामी मित्रच तुटून पडले, हा माणूस प्रेतांवर विनोद करतो म्हणाले. त्यात एक लुटारू आहे. पोलिसांच्या भीतीनं तो लुटलेली साखरेची पोती रात्री विहिरीत टाकायला जातो, दुसऱ्या पोत्यासोबत स्वतःही आत पडतो आणि मरतो. दुसऱ्या दिवशी लोक पाणी भरतात तर पाणी गोड. त्या रात्री लुटारूच्या कबरीवर दिवे लागतात. आपल्या मजारी, आपली भाबडी श्रद्धा, आपली लूट, सगळं एका चिमटीत. त्याला एका तरी बाजूचं व्हायचं असतं तर साखर गाळता आली असती.

आणि 'सहाय' ही कथा तर मुंबईचीच. मंटो जानेवारी 1948 पर्यंत याच शहरात होता, भायखळ्याच्या क्लेअर रोडवर राहायचा. मेलेल्यांची मोजदाद धर्मानुसार करण्याचा संताप कथेच्या पहिल्याच वाक्यांत आहे. जुगलचा काका लाहोरला मारला जातो आणि जुगल आपल्या जिवलग मित्राला, मुमताजला, सांगून टाकतो की आपल्या मोहल्ल्यात दंगा झाला तर मी तुलाही मारीन, कदाचित. मुमताज काही न बोलता सामान बांधतो आणि पाकिस्तानच्या बोटीवर चढायला निघतो. त्या निरोपाच्या वेळी तो मित्रांना सहायची गोष्ट सांगतो. सहाय बनारसचा, पक्का शाकाहारी, धार्मिक हिंदू. भेंडीबाजारच्या बाजूला सुरा लागून तो फुटपाथवर पडलेला आहे. मुमताज घाबरतो. आपण इथे थांबलो तर खुनी म्हणून आपल्यालाच धरतील. तरी तो थांबतो. सहाय मरता मरता त्याच्या हातात एक पुडकं देतो. त्यात सुलताना नावाच्या बाईचे दागिने आणि पैसे. एवढं तिला पोचवा, आणि तिला म्हणावं, इथून निघून जा.

सहायचा धंदा काय होता? तो दलाल होता. बायकांच्या देहाचा दलाल. सुलताना त्याच्याकडे धंदा करणारी.

दिवाळी अंकाच्या संपादकांना ही सलोख्याची कथा चालली असती का? हिंदू माणूस मरतानाही मुसलमान बाईची अमानत सांभाळतो, हे चाललं असतं. मुसलमान जीव धोक्यात घालून ती अमानत घेतो, हेही. पण सहायला कापडाचा व्यापारी करा आणि सुलतानाला त्याची मानलेली बहीण, असं त्यांनी नम्रपणे सुचवलं असतं. आपल्या जलशातल्या साहेबांनी तर सुलतानाचं नावच बदलायला लावलं असतं. आणि हे दोन बदल केले की कथा मरते. मंटोला सांगायचंच ते होतं की ज्या माणसाला चारित्र्याचा दाखला कुठल्याच कचेरीत मिळाला नसता, त्याच्या मुठीत त्या रात्री सबंध शहराची इभ्रत होती. 'मोज़ेल'मध्येही तेच. अडवाणी चेंबर्समधली ती बेपर्वा ज्यू मुलगी, जिच्याबद्दल त्रिलोचनच्या मनात हजार शंका, तीच दंग्यात त्याच्यासाठी जीव देते.

यावरून कुणी असं समजू नये की कथेत भला माणूस येणंच चूक. इस्मत चुगताईंच्या 'जडें'मध्ये सगळं कुटुंब पाकिस्तानला निघतं, म्हातारी अम्मा एकटी घरात राहते, आणि शेजारचे डॉक्टर रूपचंद तिच्या पोराबाळांना लूनी जंक्शनवरून परत घेऊन येतात. याहून सलोख्याची कथा कोणती? पण रूपचंद हे रहीमचाचा नाहीत. दोन्ही घरांत राजकारणावरून कडाक्याची भांडणं झाली आहेत, झेंडे वेगळे झाले आहेत, बोलणं बंद पडलं आहे. रूपचंद चडफडतात, शिव्या देतात आणि परत आल्यावर अम्माकडे थट्टेनं आपली फी मागतात. त्यांचा चांगुलपणा त्यांच्याही गळ्यात जरा अडकलेला आहे, म्हणून तो खरा वाटतो.

हे झालं पंजाबचं, मारवाडचं, मुंबईचं. मंटो, बेदी, इस्मत मराठीत अनुवादानं आले, आपण ते वाचले, त्यांच्यावर परिसंवाद केले. पण फाळणीच्या पाठोपाठ वर्षभरात एक उलथापालथ आपल्या स्वतःच्या अंगणात झाली. 13 ते 17 सप्टेंबर 1948 या पाच दिवसांत भारतीय फौजांनी हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं आणि त्यात आपला मराठवाडा होता. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायका आजही 'पुलिस अ‍ॅक्शन' हे शब्द सनावळीसारखे वापरतात. अमका पुलिस अ‍ॅक्शनच्या आधी जन्मला, अमकीचं लगीन नंतर झालं. टोबा टेकसिंगमधला बिशनसिंग ज्या मराठी वाचकाला पाठ आहे, त्याला त्या सप्टेंबरमधल्या लातूर-उदगीरकडच्या एखाद्या कथेतल्या मुसलमान पात्राचं नाव विचारा. तो छताकडे बघू लागेल.

संस्थानातली राजवट सरंजामी आणि जुलमी होती. कासीम रझवी हा लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, लोकांना घरदार सोडून सरहद्दीपलीकडे पळायला लावलं. विलीनीकरणाच्या बाजूनं लिहिणारा 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान ऑगस्ट 1948 मध्ये त्यांच्याच लोकांकडून मारला गेला. संस्थान भारतात आलं हे योग्यच झालं. यात मला एक अक्षर मागे घ्यायचं नाही, आणि घ्यावं असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या काही जुन्या सरदारी आठवणींशी माझं जमत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत गावोगावच्या सामान्य मुसलमानांचं जे झालं, तेही तितकंच खरं आहे. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिती 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात संस्थानात फिरली. सोळा जिल्ह्यांपैकी नऊ त्यांनी पाहिले. सर्वाधिक नुकसान झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आणि नांदेड होते. गुलबर्गा आणि बीदर हे इतर दोन. सबंध संस्थानात 27 ते 40 हजार माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज. समितीच्या टिपणांत एक विहीर आहे. त्या विहिरीत त्यांनी 11 प्रेतं मोजली. त्यांतल्या एका बाईच्या छातीला तान्हं मूल चिकटलेलं होतं. हा अहवाल अनेक दशकं दाबून ठेवला गेला. लोकांसमोर तो आला 2013 मध्ये.

त्याच अहवालात दुसरीही नोंद आहे. ठिकठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, आणि विशेषकरून विणकरांनी. हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी आपल्याच लोकांपुढे उभे राहिले, काही ठिकाणी जीव गमावून. मला हा तपशील विलक्षण वाटतो. त्यांना जोडणारा धागा मागाचा होता. सुताचा भाव एक, सावकार एक, हातावरचे घट्टे एक. संपादकांना हव्या असलेल्या सलोख्याच्या कथेत हा माग कधीच येत नाही. तिथे दोघे मित्र असतात कारण दोघे 'माणुसकी' मानतात. माणुसकी कुठल्या धंद्यातून, कुठल्या उधारीतून उगवते याची चौकशी कुणी करत नाही.

तीन सदस्यांपैकी काझी अब्दुल गफ्फार हे स्वतः लेखक, 'लैला के खुतूत'चे कर्ते. हैदराबादच्या 'पयाम' दैनिकाचे ते संपादक राहिलेले. म्हणजे त्या विहिरीच्या काठावर एक उर्दू कथाकार उभा होता आणि त्याच्या हातात होतं सरकारी टिपण. 11 हा आकडा टिपणात आला. त्या बाईचा संसार, तिची सासूशी कुरबुर, तिनं कुणाकडून उसनी आणलेली पायली, यातलं काही आकड्यात मावत नाही. ते काम कथेचं होतं.

ते का झालं नाही? दरवर्षी 17 सप्टेंबरला झेंडा चढतो, भाषणं होतात, आणि काही व्यासपीठांवरून 'रझाकार' हा शब्द आजच्या मुसलमानाला घालायची शिवी म्हणून वापरला जातो. ज्याचा बाप तेव्हा पाळण्यात होता त्यालाही. ही बाजू उघड आहे, तिच्याशी आपण भांडतोच. पण आपल्या घरातली चुप्पीही याला जबाबदार आहे. आपल्या वडीलधाऱ्यांनी पुलिस अ‍ॅक्शनची गोष्ट सांगितली तर ती दोनच प्रकारे सांगितली. एक तर सगळे बेगुनाह, नमाजी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाही तर गोष्टच नाही, "जाने दो बेटा". मधला माणूस कुठे आहे? एखादा तहसिलीतला शिपाई, तीन महिने रझाकारांच्या कवायतीला गेलेला. धाकानं, पगाराच्या आशेनं, की खाकी कपड्यात गावातल्या पाटलासमोर ताठ चालता येतं याच्या नशेनं? बहुधा तिन्ही थोडं थोडं. त्यानं कुणाला मारलं नाही, पण शेजारच्या गावात घर जळत असताना तो उभा होता. 18 सप्टेंबरला सकाळी त्यानं कपडे उकिरड्यात पुरले. महिनाभरानं त्याच्या निर्दोष भावाला मारलं, तो मात्र वाचला. या माणसाची कथा मराठीत लिहिली तर ती दोन्ही बाजूंना झोंबेल. म्हणूनच ती आधी लिहिली पाहिजे.

मराठीत हे करायला एक माणूस धजला होता. हमीद दलवाईंच्या सुधारणावादाशी आपल्यातल्या अनेकांचं पटत नाही. पटायलाच हवं असंही नाही, आणि त्यांचं नाव घेतलं की काही जण पान उलटतात हेही मला ठाऊक आहे. पण 1961 चा 'लाट' हा कथासंग्रह आणि 1965 ची 'इंधन' ही कादंबरी राजकारण बाजूला ठेवून वाचा. 'इंधन'मधल्या कोकणातल्या गावात आग लागते ती जमिनीच्या, बाईच्या, मानापमानाच्या जुन्या गोष्टींतून. तिथे कुणी धुतल्या तांदळासारखा नाही. गोष्ट सांगणारा तर नाहीच. ज्या समाजानं आपल्या लेखकाला तेवढी मुभा दिली नाही, त्यानं पुढच्या लेखकांकडून धाडसाची अपेक्षा कशी करायची?

आता आक्षेपाकडे येतो, कारण तो पोकळ नाही. काळ वाईट आहे. कथेतला एक दारुडा मुसलमान कापून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला जाईल. जे समाज सुरक्षित आहेत त्यांना स्वतःची लक्तरं वेशीवर टांगणं परवडतं, आपल्याला नाही. 1992-93 च्या मुंबईत श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबानं 900 माणसं मेली, त्यांत 575 मुसलमान आणि 275 हिंदू. ज्या समाजाचे इतके गेले, त्याला त्याच्या पोरानं उचललेल्या टीव्हीची आठवण करून देणं हा क्रूरपणा नाही का?

बदनामी करणाऱ्यांना आपल्या कथांची गरज नसते. त्यांनी आजवर जे फिरवलं ते कुठल्या मुस्लिम मराठी कथासंग्रहातून उचललं होतं? हे उत्तर सोपं आहे, आणि पुरेसं नाही. खरी गोष्ट पुढची आहे. सप्टेंबर 2015 मध्ये दादरीजवळच्या गावात गोमांसाच्या अफवेवरून एका माणसाला घरात घुसून मारलं. मग त्या घरातलं मांस तपासायला प्रयोगशाळेत गेलं. आणि आपण सगळे, चळवळीतले लोकसुद्धा, छाती पिटून काय म्हणत होतो? ते बकऱ्याचं होतं! जून 2014 मध्ये पुण्यात हडपसरला एका तरुण इंजिनियरला फेसबुकवरच्या चित्रांचा राग काढून रस्त्यात मारलं, तेव्हाही आपलं पहिलं वाक्य होतं की त्या पोस्टशी त्याचा काही संबंध नव्हता. संबंध नव्हताच, ते सत्य होतं आणि सांगायलाही हवं होतं. पण आपण तेवढ्यावर थांबलो. मांस गाईचं असतं तर? पोस्ट त्यानंच टाकली असती तर? त्याला मारणं रास्त झालं असतं का? हा प्रश्न मोठ्यानं विचारायची आपली जीभ रेटली नाही, कारण फिर्यादीचा माणूस स्वच्छ असला पाहिजे ही अट आपण मनातून कबूल केली होती. ती आपल्याला कुणी शिकवली? त्याच कथांनी, ज्यांत मरणारा प्रत्येक मुसलमान पाच वक्ती नमाजी आणि गावाचा लाडका असतो.

कायदा असं विचारत नाही. खुनाच्या कलमात मेलेल्याच्या सवयींचा रकाना नाही. घटनेनं जगण्याचा हक्क दिला तो व्यक्तीला, भल्या व्यक्तीला असं तिथे लिहिलेलं नाही. दारुडा, कर्जबुडवा, दलाल, बायकोला बडवणारा, उचललेला टीव्ही घरी आणणारा पोरगा, या सगळ्यांना तो आहे. त्या पोरावर चोरीचा खटला भरा. पण त्याला गोळी घातली तर तो खून आहे, आणि त्याच्या आईचं रडणं हे रडणंच आहे. कथा लिहिणाऱ्यानं त्या आईकडे जाताना टीव्ही दाराबाहेर ठेवायचा नाही. तो खोलीत, कोपऱ्यात, चादरीखाली झाकलेला दिसला पाहिजे, आणि आईला तो कुठून आला हे ठाऊक असलं पाहिजे.

आमच्या संपादक मंडळाला म्हणून एक जाहीर विनंती आहे, आणि तीच कथा पाठवणाऱ्यांनाही. या अंकाकडे येणाऱ्या कथांतले इमाम, शायर, शिक्षक आणि सलोख्यासाठी मरणारे म्हातारे काही काळ बाजूला ठेवा. 1948 साली दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीकडे झुकलं आहे. परंडा, औसा, निलंगा, देगलूर, कंधार अशा गावांत अशी माणसं अजून खाटेवर बसून आहेत. त्यांच्याकडे जा. आणि गेल्यावर कोण बेगुनाह होतं हे आधी विचारू नका, ते सगळे होते असंच उत्तर मिळेल. त्या वर्षी ज्वारी कुणी काढली ते विचारा. कुणाचं जनावर कुणाच्या गोठ्यात गेलं आणि परत आलं की नाही. कुणाच्या बायकोचं नाव बदललं आणि पुढे तिनं कोणत्या नावानं हाक ऐकली. सावकाराच्या वह्या कुणी जाळल्या, आणि जाळणाऱ्यांत आपलं कोण होतं. त्या शिपायाचं विचारा. त्यानं पुरलेले खाकी कपडे खत वाहताना शेतात निघाले का, निघाले तेव्हा गाडी कोण हाकत होतं, आणि त्यानं ते कुणाला सांगितलं.